पाण्याबद्दलचं पान

मामाचं घर गेवराईत, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. दिवसभर ट्रकांची घरघर चालायची आणि एखादा जड ट्रक गेला की मांडणीवरची ताटं एकमेकांना लागून बारीक किणकिणायची. आमच्या वस्तीवर आवाज म्हणजे शेळ्यांचा, कालव्याच्या पाण्याचा आणि मायच्या हाकेचा. त्यामुळे पहिले काही आठवडे मला मामाच्या घरात कुणी काही बोललं तरी नीट ऐकूच यायचं नाही. मामी म्हणायची, "हिचं लक्ष कुठे असतं?" मी कान देऊन ऐकायला शिकले. पुढे तर इतकी शिकले, की मामीच्या बांगड्यांच्या आवाजावरून ती रागात आहे की नाही ते मला कळायचं.

अकरावीला मी मामाकडे राहायला आले ती मायच्या हट्टामुळे. माझे वडील, आबा, मेंढरं घेऊन दिवाळीनंतर घर सोडायचे ते मृगाच्या तोंडाशी परत यायचे. मागं माय, मी, धाकटी कौशी आणि वीसेक शेळ्या. दहावीला माझे इंग्रजीचे मार्क शाळेत सगळ्यांच्या वर आले, तेव्हा माय मला घेऊन थेट भावाच्या ओसरीत येऊन बसली. माझा मामा पंचायत समितीचा सदस्य. त्याच्या ओसरीत सकाळपासून माणसं बसलेली असत. त्या सगळ्यांच्या देखत माय म्हणाली, "दोन वरसं ठिवून घे इला. तुला जड न्हाई." मामा हसला, म्हणाला, "आक्का, हे काय इचारणं झालं?" पण दाराआड उभ्या असलेल्या मामीच्या बांगड्या वाजल्या, आणि मायनं मान खाली घातली.

मामी वाईट नव्हती. हे मी आज लिहिते, तेव्हा मला असं लिहिता आलं नसतं. शहरातल्या माहेरची, पदवीपर्यंत शिकलेली बाई, लग्न होऊन हायवेच्या कडेला आली आणि रोज पंधरा-वीस माणसांचा चहा करत राहिली. घरात तिचं स्वतःचं असं एक फडताळ होतं. त्यात काचेचे कप, क्रोशाचे रुमाल आणि तिला आलेली जुनी पत्रं. मला तिनं कधी उपाशी ठेवलं नाही, कधी मारलं नाही. फक्त मी तिच्या घरात आहे हे ती मला विसरू द्यायची नाही. पोळ्या लाटताना, कपडे वाळत घालताना, अभ्यासाला बसले तरी. "तुझ्या मामाचं मन मोठं आहे," असं ती म्हणायची, आणि त्या वाक्याचा पुढचा भाग मी मनात पूर्ण करायची.

त्या हिवाळ्यात मायक्रोवेव्ह आला. पंचायतीची कामं घेणाऱ्या कुणा गुत्तेदारानं मामाला भेट दिलेला, खोक्यात, थर्मोकोलात बसवलेला. गावात तसला दुसरा नव्हता. जेवणघरातल्या सागवानी टेबलावर त्याला जागा मिळाली आणि मामीनं त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. ओसरीतली माणसं चहा झाला की आत डोकावून जायची. मामा त्याला "करंटाची चूल" म्हणायचा. पहिल्याच दिवशी त्यानं चार जणांना दाखवायला म्हणून स्टीलच्या वाटीत वरण ठेवलं आणि बटण दाबलं. आत निळ्या ठिणग्या तडतडल्या, सगळे मागे सरकले आणि मामीनं धावत जाऊन प्लग ओढला. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भाजी गरम केली, तर झाकण उडून आतल्या छताला आपटलं आणि सगळीकडे रस्सा. त्या रात्रीच्या जेवणाला भाजी नव्हती. जेवण झाल्यावर मामानं खोक्याच्या तळातून एक पुस्तिका काढली, हात पुसले आणि माझ्यापुढे टाकली.

"तुजं इंग्रजी लई चांगलं म्हनतेत ना? वाच. आन समद्यांना समजंल असं सांग."

त्या घरात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागत होतं. मामी समोर बसली. मामा सुपारी कातरत बसला. मी पुस्तिका उघडली आणि मोठ्यानं वाचून अर्थ सांगू लागले. धातूचं भांडं नको, सोनेरी कड असलेला कपही नको. झाकण घट्ट लावायचं नाही, वाफेला वाट ठेवायची. कवचासकट अंडं ठेवायचं नाही, ते फुटतं. अन्न मधेच काढून हलवायचं, कारण ते कडेला तापतं आणि मधे गार राहतं. बाहेर काढल्यावर मिनिटभर तसंच राहू द्यायचं. रिकामा चालवायचा नाही. मी सांगत गेले आणि मामी मान डोलवत गेली. एका ठिकाणी तर ती म्हणाली, "बघा, शिकलेलं कसं कामाला येतं." ते वाक्य माझ्या अंगावरून मोरपिसासारखं फिरलं. इतकी वर्षं झाली, ते अजून आठवतं याची मला लाज वाटते.

मग ते पान आलं. वरच्या कोपऱ्यात कपाचं चित्र होतं, त्यातून वर उडणाऱ्या रेघा काढलेल्या आणि शेजारी त्रिकोणात उद्गारचिन्ह. मजकूर पाच-सहा ओळींचा. पाणी हा शब्द मला कळला, अचानक हा कळला, पुन्हा तापवू नका असं काहीसं कळलं. मधले दोन शब्द मात्र मी कधी पाहिलेच नव्हते आणि त्यांच्यावाचून वाक्याचा अर्थ लागेना. शब्दकोश माझ्या दप्तरात होता. दप्तर पलीकडच्या खोलीत, दहा पावलांवर. उठून गेले असते तर मामीला कळलं असतं की हिलाही सगळं येत नाही. मी त्या पानावर जरा जास्त वेळ थांबले असेन, कारण मामीनं विचारलं, "या पानावर काय लिहिलंय? चित्र काय आहे ते?"

"काही नाही," मी म्हणाले. "साफसफाई कशी करायची ते."

आणि पान उलटलं.

पुढे मी इंग्रजी शिकवणारी झाले. बीडमधल्या एका शाळेत चोवीस वर्षं शिकवते आहे. वर्गात एखादी मुलगी धडा वाचताना न कळणारा शब्द घाईघाईनं ओलांडून पुढे जाते, तेव्हा मी तिला थांबवते. मुली मला कडक म्हणतात. का थांबवते ते मी त्यांना सांगितलेलं नाही.

पुस्तिका वाचली त्याच आठवड्यात मामीनं नियम केला: ती घरात नसताना मायक्रोवेव्हला कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे मी, हे सगळ्यांना माहीत होतं.

माय दर बाजाराच्या दिवशी यायची. सकाळच्या एसटीनं गेवराईत उतरायची, बाजारात तिचं काही विकणं-घेणं असेल ते उरकायची आणि दुपारी मामाकडे. डोक्यावरच्या पाटीत माझ्यासाठी फडक्यात बांधलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, कधी येसर मसाल्याची पुडी. किटलीत शेळीचं दूध. मामी ते दूध घ्यायची आणि नंतर कामवालीला द्यायची. मायला हे माहीत होतं, तरी ती आणायची. ओसरीच्या कडेला, उंबऱ्याशी बसायची. आत बोलावलं तरी "हितंच बरं हाय" म्हणायची. माझ्या हातांकडे बघायची, केसांकडे बघायची. अभ्यासाचं काही विचारायची नाही, कारण काय विचारायचं ते तिला माहीत नव्हतं. कौशीचा निरोप सांगायची: कौशीनं इचारलंय, ताई कवा येनार? मी म्हणायची, परीक्षा झाल्यावर.

माघ सरत आला होता. त्या बाजाराच्या दिवशी मामा-मामी एका लग्नाला तलवाड्याकडे गेलेले. ओसरीत कुणी नव्हतं. माय आली तेव्हा मी एकटीच होते, आणि घरात एकटं असण्यानं मला जरा मालकीणबाई झाल्यासारखं वाटत होतं. मी तिला हाताला धरून आत नेलं, थेट जेवणघरात, खुर्चीवर बसवलं. खुर्चीच्या अगदी काठावर ती बसली.

"वहिनी येतील की गं."

"संध्याकाळी येणार आहेत. बस नीट. तुला बिनजाळाचा चहा दाखवते."

"कशाला त्येला हात लावतीस? नगं म्हनल्यात ना त्या?"

"माय, त्याचं पुस्तक मी वाचलंय. सगळ्यांना मीच समजावून सांगितलंय."

हे ऐकल्यावर ती खुर्चीवर नीट मागे सरकून बसली. आपली लेक मामीला समजावून सांगते. तिच्या तोंडावरचा तो अभिमान बघूनच मी पुढचं सगळं केलं. मामीच्या फडताळातला काचेचा नवा, गुळगुळीत कप काढला. नुसतं पाणी भरलं, आत ठेवलं, चार मिनिटं लावलं. आतला दिवा लागला, काचेची ताटली फिरू लागली. माय वाकून बघत होती. "आगं, फिरतंय की," म्हणाली आणि पदरात हसली. पाण्याला आधण आलं, बुडबुडे दिसले, आणि त्याच वेळी लाईट गेली.

आमच्याकडे लाईट जाण्याचं काही विशेष नव्हतं. मी दार उघडलं नाही. माय आणि मी बोलत बसलो. एक शेळी व्यायलेली, तिला दोन करडं झालेली, एक पांढरंशुभ्र, ते कौशीच्या मागं मागं फिरतं. दहा मिनिटांनी लाईट आली. पाणी निवलं असेल म्हणून मी पुन्हा चार मिनिटं लावली. या वेळी बुडबुडे आले नाहीत. मी काचेतून बघत होते, पाणी हलत नव्हतं, आरशासारखं स्तब्ध. मला वाटलं तापलंच नाही. अजून एक मिनिट लावलं.

कप फडक्यानं धरून मी टेबलावर ठेवला. वाफसुद्धा फारशी नव्हती. माय म्हणाली, "तापलं न्हाई वाटतं." मी म्हणाले, "तापलंय. आधी साखर टाकू, मग पत्ती." साखरेचा चमचा भरून मी तिच्या हातात दिला.

"तूच टाक, माय."

तिनं कौतुकानं, अगदी देवापुढे काही ठेवावं तसा चमचा पुढे नेला. साखर पाण्याला लागली आणि कपातलं सगळं पाणी एकदम वर उसळलं. उकळून ओतू जातं तसं नाही, कुणी खालून फेकल्यासारखं. तिच्या उजव्या हातावर, मनगटावर, हनुवटीखाली गळ्यावर. तिच्या तोंडून आवाज निघाला तो मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता. खुर्ची पडली. कप टेबलावर तसाच उभा होता, जवळजवळ रिकामा.

त्या पाच-सहा ओळींत हेच लिहिलेलं होतं. नुसतं पाणी गुळगुळीत भांड्यात जास्त तापवलं, निवलेलं पुन्हा तापवलं, तर ते उकळीच्या पलीकडे जातं आणि वर काही दाखवत नाही. मग चमचा, साखर, काहीही लागलं की उसळतं. म्हणून तापवण्याआधी लाकडी चमचा आत ठेवावा, वेळ कमी लावावा, झाल्यावर अर्धं मिनिट थांबावं, तोंड वर नेऊ नये. आज माझ्या ओट्याजवळ एक लाकडी चमचा खिळ्याला टांगलेला असतो. माझी मुलगी म्हणते, आई, तू चहाचं पाणी करतेस की ऑपरेशन? मी हसते. तिला मी लहानपणापासून इतकंच सांगितलंय, की आजीचा हात अशानं भाजला होता. कुणामुळे ते नाही.

मायनं हात मोरीतल्या बादलीत बुडवला होता. तिनं आपणहून बरोबर तेच केलं होतं. तो तसाच गार पाण्यात राहू दिला असता तर कदाचित इतकं झालं नसतं. पण मला कुठेतरी ऐकलेलं आठवलं, भाजल्यावर दातांची पेस्ट लावतात, आणि मी तिचा हात पाण्यातून ओढून काढला. अख्खी ट्यूब पिळली. माय दात खाऊन बसली होती आणि मी रडत रडत पेस्ट चोळत होते. चोळताना कातडी सरकली. शेजारच्या काकू आवाजानं आल्या, त्यांनी रिक्षा केली. दवाखान्यात डॉक्टरांनी पेस्ट धुऊन काढायला घेतली तेव्हा मला बाहेर बसवलं. दार बंद होतं, तरी मी कान झाकले.

संध्याकाळी मामा-मामी परतले तेव्हा माय ओसरीत भिंतीला टेकून बसली होती, हाताला कोपरापर्यंत बँडेज. मी जेवणघराच्या दारात. मामीनं आधी मायकडे पाहिलं, मग आत जाऊन टेबलाकडे, उघड्या फडताळाकडे, कपाकडे. बाहेर आली. बांगड्या वाजल्या.

"ओव्हन कुणी लावला?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, एवढं मला ठाम आठवतं. पण माझ्या आधी माय बोलली.

"म्याच लावला, वहिनी. पोरगी आत वाचीत बसलीती. मला हौस आली. म्हनलं बघावं कसं चालतंय ते."

"आणि कप?"

"म्याच काडला."

मामी माझ्याकडे वळली. "तू कुठे होतीस?"

मायनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि मला कळत होतं की ती माझ्यासाठी जागा करून देते आहे, जशी एसटीत अंग चोरून करून द्यायची तशी. मी म्हणाले, "आत वाचत होते."

मामी आत जाऊन फडताळ लावून आली. मग म्हणाली, "ज्यातलं कळत नाही त्याला माणसानं हात लावू नये, वन्स." हे ती जवळजवळ हळुवारपणे म्हणाली. माय म्हणाली, "व्हय. चुकलं." मामानं जीप काढली आणि तिला वस्तीवर सोडून आला. मी बरोबर जाते असंही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी इंग्रजीची चाचणी होती.

यानंतर मामानं त्या प्रसंगाची गोष्ट केली. त्याला गोष्टी सांगायला आवडायच्या आणि त्यात वाईट हेतू नसायचा. ओसरीत नवीन माणूस आला, मायक्रोवेव्हकडे त्याची नजर गेली की मामा सुरू व्हायचा: "आमच्या आक्कानं ह्याच्यात बॉम्ब फोडला बरं का! शेरडं राखनारी बाई, तिला वाटलं चुलीवानी आसंल..." माणसं हसायची. मी चहाचा ट्रे घेऊन उभी असायची. पहिल्यांदा मी हसले नाही. दुसऱ्यांदा मामा म्हणाला, "काय गं, कावून तोंड पाडलंस? तुज्या मायवर मी हसलो म्हनून राग आला व्हय?" आणि मी हसले. नंतर तर ओठ आपोआप हलायचे. बारावी संपेपर्यंत ही गोष्ट मी किती वेळा ऐकली आणि किती वेळा हसले, त्याची आठवण झाली की आजही मी जिथे असेन तिथून उठून दुसरीकडे जाते.

परीक्षा झाल्यावर मी वस्तीवर गेले. बँडेज निघालं होतं. मायच्या हातावरची कातडी गुलाबी, चकचकीत, आणि मधली दोन बोटं आत वळलेली, सरळ होत नव्हती. तिनं पदराखाली हात ठेवला होता. "दुखतं का?" विचारलं तर म्हणाली, "आता न्हाई." धार काढायला बसली ती कौशी. सराईत हात, शेळीचं मागचं तंगडं गुडघ्यात दाबून धरलेलं. शेळ्या घेऊन जाणारी कौशी. संध्याकाळी मोजून आत घेणारी कौशी. आबा परगावी, मायचा हात असा, दुसरं होतं कोण? ती आठवीत होती. तिची वार्षिक परीक्षा बुडाली हे मला माय म्हणाली, आणि मी म्हणाले, "पुढच्या वर्षी देईल की." जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा तिचं नाव पटावर होतं, ती नव्हती. दोन वर्षांत तिचं लग्न झालं, तीन कोसांवरच्या गावात, शेळ्या-मेंढ्या असलेल्याच घरात. मी तेव्हा कॉलेजात होते. लग्नाला आले आणि दुसऱ्या दिवशी परत गेले.

माय गेल्याला आता चार वर्षं झाली. तिच्याशी मी या विषयावर कधी बोलले नाही. म्हणजे ती खोटं बोलली हे तिला ठाऊक, मला ठाऊक, आणि आम्ही दोघींनी ते तसंच सोडून दिलं होतं. पण पुस्तिकेतल्या त्या पानाचं तिला माहीत नव्हतं. तिला वाटायचं, पोरीचा काय दोष, यंत्रच तसलं. शेवटच्या दिवसांत ती माझ्या घरी बीडला होती. मी तिला भात भरवायची, कारण त्या हाताला वयानं आणखी ताठरपणा आला होता. दर घासाला मला वाटायचं, आता सांगावं. आणि दर घासाला मी म्हणायची, "अजून थोडं खा."

गेल्या दिवाळीनंतर मी कौशीकडे गेले. फोन न करता, एकटी. तिचं घर आता पक्कं आहे, अंगणात करडांचा कालवा, नातवंडं शाळेत गेलेली. ती शेडमध्ये पाला टाकत होती. मला बघून हात झाडत आली, "ताई, आशी अचानक? समदं बरं हाय ना?" म्हणाली. मी बाजेवर बसले आणि बसल्या बसल्या सगळं सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा सांगितलं गेलं नसतं. मायक्रोवेव्ह मायनं लावला नव्हता, मी लावला. साखरेचा चमचा मी तिच्या हातात दिला.

कौशी पाल्याच्या काड्या पदरावरून वेचत होती. "ते ठाव हाय मला," म्हणाली.

"कसं?"

"मायनं त्याच दिशी सांगितलं. जीपीतून उतरली, मामा गेला आन सांगितलं. म्हनली, ताईला कदी बोलू नगंस, तिचं शिक्षन सुटंल."

म्हणजे मी हसत ट्रे घेऊन उभी होते त्या सगळ्या दिवसांत एक तेरा वर्षांची मुलगी शेळ्यांमागं फिरत होती आणि तिला सगळं माहीत होतं. मी उन्हाळ्यात घरी गेले, तिनं मला ताक करून दिलं, माझी वेणी घातली, आणि तिला माहीत होतं. मामा ओसरीत मायवर हसायचा तेव्हा मीही हसायची, हेही मी तिला सांगितलं. मग मी तिला ते सांगितलं जे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुस्तकात लिहिलेलं होतं, कौशे. मी ते पान बघितलं होतं. शब्दकोश शेजारच्या खोलीत होता आणि मी उठले नाही. मामीला म्हणाले, साफसफाईचं आहे.

वेचलेल्या काड्या तिनं मुठीत धरल्या होत्या. मी वाट बघत होते, ती रडेल, चिडेल, किंवा म्हणेल, जाऊ दे ताई, लहान होतीस. खरं सांगायचं तर मी या शेवटच्या वाक्यासाठीच आले होते. एवढ्या लांब, एवढ्या वर्षांनी, ते वाक्य घेऊन परत जायला.

"मायच्या हाताचं तू सांगितलंस," ती शेवटी म्हणाली. "मामाच्या हासन्याचं सांगितलंस. पुस्तकाचं सांगितलंस." तिचा आवाज चढलेला नव्हता. "ताई, मला शाळंत कोणचा विषय आवडायचा, सांग बरं."

मी आठवू लागले. आम्ही एका चिमणीच्या उजेडात, एका गोणपाटावर अभ्यासाला बसायचो. तिच्या वह्यांची कव्हरं मीच घालून द्यायची. मराठी म्हणावं तर मला खात्री नव्हती. गणित म्हणावं तर तेही अंदाजानंच. कौशी माझ्याकडे बघत उभी होती, घाई न करता, आणि मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की तिला उत्तर खरोखर हवं होतं.

"आठवत नाही," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मूठ उघडून काड्या करडांपुढे टाकल्या. "भूगोल," ती म्हणाली. "नकाशे काडायची मी."